भागूबाईचा रस्सा

गेली सहा वर्षं दर शनिवारी या सदरातून मी तुम्हाला नगरातल्या खाण्याच्या जागा दाखवत आलो – कुठली भजी तेल पीत नाहीत, कुठल्या चहात दूध खरं, भिंगारला बासुंदी कुणाकडे खावी. तुम्ही विश्वास ठेवलात. पण एक जागा अशी आहे, की तिच्याबद्दलचं खरं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गावी असते, तिला नाही. आईला लिहिलेल्या पत्रांत नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा तेवढं टाळून पुढे जातो.

आज सांगतो. आणि आधीच बजावतो – कुणी मला समजून घ्यायला येऊ नये. वय लहान होतं म्हणाल? एकवीस पुरी झाली होती. परका मुलूख म्हणाल? परक्या मुलखातही माणसं खरं बोलून राहतात. गरीब होता बिचारा? जिचं मी वाटोळं केलं ती काय जहागीरदारीण होती?

तर ऐका.

मी मालवणाकडचा. मराठी पाचवी झाली नि शाळा सुटली. पुढे तिकडच्याच एका छापखान्यात खिळे – शिशाची अक्षरं – जुळवायला शिकलो, आणि लढाईच्या दिवसांत तो बंद पडला तेव्हा कुणाची तरी चिठ्ठी घेऊन इथे आलो. या साप्ताहिकाचे मालक, आमचे अण्णा, यांनी चिठ्ठी उघडलीसुद्धा नाही. "बोटं दाखव," म्हणाले. बोटांत मुरलेली शाई पाहिली आणि ठेवून घेतलं. झोपायला छापखान्याचा माळा. जेवायला दोन्ही वेळ त्यांचं घर, त्यांच्या शेजारचा पाट. आजही ते आठवलं की मला भरून येतं. यात खोटं काही नाही. उपकार खरे होते – आणि भीतीही त्या उपकारांचीच होती. मिळालेला पाट जाईल, ही.

पहिल्याच दिवशी अण्णांच्या पत्नीनं, काकूंनी, वाढता वाढता विचारलं, "तुम्हा सारस्वतांत मासळी चालते म्हणतात?"

"आमच्या घरात नाही हो, काकू."

किती सहज आलं पाहा! आमच्या घरात नाही! ज्या घरातून दुपारी बांगड्याचा वास आला नाही तर शेजारीण डोकावून विचारायची, आई बरी आहे ना. मी मात्र खाली मान घालून वरणभात कालवला. काकू खूश झाल्या. पहिलं खोटं ते. पण ते सांगायला मी बसलेलो नाही – ते त्या मानाने फारच साधं.

हे सदर अण्णांच्या डोक्यातून निघालं. मी कामानिमित्त गावभर हिंडायचो आणि आल्यावर कुठे काय खाल्लं याच्या कथा सांगायचो. ते म्हणाले, "तुझी जीभ हुशार आहे, तिला कामाला लाव." सदराखाली माझं नाव नसे, टोपणनाव असे, ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मी कागदावर लिहीत नसे. वाक्य डोक्यात आलं की उभ्या उभ्या थेट खिळ्यांत जुळवायचं. अजूनही तसंच करतो. हे लक्षात ठेवा, कारण तुमच्यातला एखादा भला माणूस पुढे म्हणेल, की रागाच्या भरात लेखणी घसरली असेल. लेखणी घसरते. खिळा घसरत नाही. तो खणातून उचलावा लागतो, एकेक.

माळीवाड्याच्या वेशीबाहेर एका दुपारी मला सुकट भाजल्याचा वास आला. घर सोडून दीड वर्ष झालं होतं. मी वासामागे गेलो. एका खोलीत चूल, चार पाट, आणि चुलीपाशी तिशी-पस्तिशीची बाई. ती भागूबाई. तिसगावची. नवरा पलटणीत, कुठल्या मुलखात ते तिलाही माहीत नव्हतं. सासू नि दोन मुली गावाकडे. बाजाराला आणि कोर्टाच्या तारखेला येणारे शेतकरी तिच्याकडे जेवत. अलीकडे कोर्टातले शिपाई, मोटार हाकणारे, दोन शाळामास्तरही येऊ लागले होते. शेजारची खोली रिकामी होणार होती. ती घ्यायची आणि पोरींना शाळेला इथे आणायचं, एवढा एकच विचार त्या बाईच्या डोक्यात होता. पहिल्याच दिवशी तिनं मला तो सांगितला. कुणालाही सांगायची.

मटणाचा काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. इकडे रश्शाला येसूर लावतात – भाजलेली बाजरी, डाळ नि मसाला दळून केलेलं पीठ. ते मला माहीत झालं होतं. पण याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. माझ्या घरचं काहीतरी.

"मावशी, येसरात सुकटीची पूड घालता?"

तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मग अशी हसली! "अगं बया! कोकन्या, तुला कसं कळलं रं? ह्या नगरात आजवर कुनाच्या बापाला कळलं न्हाई. ह्यांनी पलटनीतनं येताना एकदा पुडी आनल्ती, तवाधरनं घालते. कुनाला सांगू नगस हां."

नाही सांगणार म्हटलं. त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा मी तिथे जेवू लागलो. नगरातलं सगळ्यात चांगलं जेवण मी तिथे जेवलो, आणि सदरात मात्र तिचं नाव घेतलं नाही – मटण खाल्लं हे छापणार कसा? दर शनिवारी इतरांच्या भज्यांची तारीफ. इथवर नुसता भित्रेपणा. इथवर असता तर मी आज हे लिहिलंच नसतं.

एका रविवारी अण्णांचे मेहुणे जेवायला आले होते. कोर्टात कारकून. दुसरा भात वाढायच्या वेळी ते मिश्कीलपणे म्हणाले, "काय हो अण्णा, तुमचा कंपोझिटर माळीवाड्यात मटण हाणतो म्हणे? आमच्या शिपायानं पाहिलं."

काकूंचा हात भाताच्या भांड्यावर थांबला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ असेल? श्वास घेऊन सोडण्याइतका. तेवढ्यात मी म्हणालो – "सदरासाठी बघायला गेलो होतो. दारातूनच परतलो. आत पाऊल टाकवेना, इतकी घाण."

"मग छाप की तसं!" अण्णा एकदम मोकळे झाले. "लोकांना सावध करायला नको?"

काकूंनी भात वाढला.

त्या खोलीत घाण नव्हती. शेणानं सारवलेली जमीन, घासून लख्ख तांबे. दुसऱ्या दिवशी मी खिळ्यांच्या खणांपाशी उभा राहिलो आणि जुळवायला लागलो. काय जुळवलं ते शब्दशः पाठ आहे: "माळीवाडा वेशीबाहेरील भागूबाईंची खानावळ सभ्य माणसाने टाळावी. रस्सा पिठाने वाढविलेला असतो, आणि शिळ्या मांसाचा वास झाकण्यासाठी त्यात सुकटीची पूड मिसळतात. मांस कशाचे, हे विचारण्याचे धाडस आम्हांस झाले नाही."

नाव घालायची गरज होती? नव्हती. सुकटीची? मुळीच नव्हती. पण खोटं खरं वाटायला त्यात एक बारकी खरी गोष्ट लागते, आणि माझ्याजवळ तिनं विश्वासानं दिलेली तेवढी एकच होती. प्रत्येक खिळा मी या दोन बोटांनी उचलला. प्रत्येक खिळ्यापाशी थांबता आलं असतं. थांबलो नाही. उलट – आणि हे सांगताना मला जड जातंय – शेवटचं वाक्य जमलं म्हणून मला बरं वाटलं.

शनिवारी अण्णांनी पाठ थोपटली. काकूंनी वाचलं आणि संध्याकाळी वाढताना, आम्ही दोघंच असताना, हळूच विचारलं, "दारातूनच परतलास ना? मग रश्शात काय घालतात ते कसं कळलं?"

मी भात कालवायला लागलो. त्यांनी क्षणभर वाट पाहिली, मग भातावर तूप वाढलं आणि आत गेल्या. त्यांना कळलं होतं. सगळं. आणि पाट गेला नाही. म्हणजे ज्या भीतीनं मी ते केलं, ती भीतीसुद्धा खोटीच निघाली – असो.

मंगळवारी भागूबाईकडे गेलो. का गेलो? भूक लागली होती, दुसरं काय सांगू? तिच्या हातात आमचा अंक होता. कुणीतरी येऊन सांगितलं होतं, तुझं नाव छापून आलंय. तिला वाचता येत नव्हतं. त्या वेळी बसलेल्या दोघा शेतकऱ्यांनाही नाही.

"बरा आलास, कोकन्या. तू तर छापखान्यातला. वाच बरं, काय लिव्हलंय माझं?"

मी कागद हातात घेतला. आणि वाचलं – "माळीवाडा वेशीबाहेरील भागूबाईंची खानावळ प्रत्येक सभ्य माणसाने एकदा तरी पाहावी. रस्सा असा, की खाणारा आईची आठवण काढील." आणखीही चार वाक्यं. अडखळलो नाही. बोट फिरवत फिरवत वाचलं. ती मधेच म्हणाली, "आनि सुकटीचं?" मी म्हटलं, "ते नाही लिहिलेलं." तेव्हा तिला फार हायसं वाटलं.

तिनं तेवढा तुकडा कापला आणि पिठाची खळ करून दारासमोरच्या भिंतीवर चिकटवला, आत येणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसेल असा. त्या दिवशी मला तिनं आग्रहानं वाढलं. मी जेवलो. पोटभर. हे तुम्हाला ऐकवायचंच आहे मला – मी जेवलो.

पुढचे काही आठवडे काय झालं असेल, तुम्हीच पाहा. शेतकरी येत राहिले. शिकलेले आत यायचे, भिंतीकडे बघायचे, एकमेकांकडे बघायचे. दोन्ही मास्तर आलेच नाहीत परत. कोर्टातल्यांनी जागा बदलली. "कोकन्या, ही मानसं भिंतीकडं बघून हसत्यात कशाला रं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, खुशीनं हसतात, मावशी. तो तुकडा मी फाडून टाकू शकलो असतो. ती विहिरीवर गेली की खोली उघडीच असे. दर वेळी वाटे, आज फाडू. आणि दर वेळी वाटे – रिकामी भिंत पाहून विचारलं तर?

मग एका बाजाराच्या दिवशी गेलो तर काष्टी गावचा एक तरुण शेतकरी जेवत बसला होता. शिकलेला दिसत होता. मला पाहून त्यानं हात थांबवला. भागूबाईनं माझं ताट वाढलं, समोर ठेवलं. मग म्हणाली, "जेवायच्या आदी येकदा वाच की रं ते. पुन्हा ऐकूसं वाटतंय."

मला कळायला हवं होतं. कळलंच होतं, खरं म्हणजे. तरी मी उठलो, भिंतीपाशी गेलो, आणि तेच वाचलं. तेच शब्द, त्याच क्रमानं. खाणारा आईची आठवण काढील. काष्टीकर ताटाकडे बघत राहिला.

"ह्या दादांनी सकाळी वाचलं, त्ये येगळंच हुतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सुकटीचं लिव्हलंय म्हनं. ते मी तुलाच सांगितल्तं. दुसऱ्या कुनाला न्हाई."

ती चुलीकडे वळली.

"बस. वाढलेलं हाय, जेवून जा. आनि पुन्हा येऊ नगस."

दोन महिन्यांत तिनं खानावळ बंद केली आणि तिसगावला गेली. शेजारची खोली दुसऱ्याच कुणी घेतली. पोरी शाळेत आल्या नाहीत. हे मला त्या काष्टीकरानंच एकदा बाजारात सांगितलं, मुद्दाम थांबवून. तिसगाव काही काशी-रामेश्वर नाही. सकाळी मोटारीत बसलं तर दुपारच्या आत माणूस पोचतो. मी गेलो नाही. सहा वर्षांत दर शनिवारी अर्धा रकाना माझ्या हातात होता. तीन ओळींची दुरुस्ती छापली नाही.

आज छापतोय. हा मजकूरही कागदावर नाही, थेट खिळ्यांत आहे. प्रूफ मीच वाचतो. अण्णा शनिवारी तुमच्याबरोबरच वाचतील. त्यांनी मला काढायचं तर काढावं, काकूंनी पाट उचलायचा तर उचलावा. ज्यांना माझ्या पंक्तीला बसणं नको वाटेल, त्यांनी बसू नये. मी मासे खातो. मटण खातो. भागूबाईंच्या हातचं खाल्लं, आणि या गावातल्या एकाही सोवळ्या स्वयंपाकघरात मला त्या तोडीचं काही मिळालेलं नाही – ज्या घरानं मला पोसलं त्या घरातसुद्धा. तिचं मांस ताजं होतं. तांबे लख्ख होते. पूड चवीसाठी होती. खोटारडा मी होतो.

भागूबाईंची खानावळ, माळीवाडा वेशीबाहेर, उजव्या हाताची चौथी खोली. हल्ली तिथे सायकली दुरुस्त करतात. जेवण मिळत नाही.