धाकटीनं सांगितलेलं मिशन चर्च

माझी धाकटी बहीण शाळेत इतिहासात कशीबशी पास व्हायची. तिच्या वह्या मीच लिहून द्यायचे. पुढे मी भोपाळमधल्या सोनागिरीच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला आणि ती लग्न करून कॅलिफोर्नियाला गेली. तिच्या गावात स्पॅनिश पाद्र्यांनी उभारलेलं एक जुनं मिशन चर्च आहे. मुलगा शिकायला बाहेर पडल्यावर रिकामं घर खायला उठलं, म्हणून ती तिथे मदतीला जायला लागली. बघता बघता दर रविवारी आलेल्या लोकांना चर्च दाखवत त्याचा इतिहास सांगू लागली.

गेल्या हिवाळ्यात ती भोपाळला आली, तेव्हा अरेरा कॉलोनीतल्या आमच्या मराठी मंडळानं तिचं व्याख्यान ठेवलं. याच मंडळाच्या सचिवांना मी तीनदा विचारलं होतं, भोपाळवर राज्य केलेल्या बेगमांवर बोलू का म्हणून. इतिहासाला लोक येत नाहीत हो मॅडम, असं ते दर वेळी म्हणाले होते. धाकटीसाठी मात्र जादा खुर्च्या मागवाव्या लागल्या. लॅपटॉपवरची चित्रं पुढे सरकवायचं काम माझ्याकडे होतं.

ती छान बोलली, तेच मला सहन होईना. माती आणि पेंढा कालवून उन्हात वाळवलेल्या विटांच्या जाड भिंती, भूकंपात कोसळलेला घंटेचा मनोरा, सगळं तिनं डोळ्यांसमोर उभं केलं. पुढे मेक्सिकोच्या राजवटीत पाद्र्यांचा अंमल संपला, लोकांनी छपराची कौलं काढून नेली आणि चर्चमध्ये मेंढ्या बांधल्या, हे ऐकून सभागृह हसलं. बोलता बोलता ती म्हणून गेली, की पाद्र्यांनी तिथल्या आदिवासींना विटा पाडायला शिकवलं. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं.

प्रश्नांची वेळ झाली तशी मी सगळ्यांत आधी उठले.

"त्या विटा पाडणाऱ्या माणसांना तिथून परत आपल्या घरी जाता येत होतं का?"

तिला याचं उत्तर देता येणार नाही, अशी माझी खात्री होती. तिनं हातातला कागद बाजूला ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "एकदा बाप्तिस्मा झाला की जाता येत नव्हतं. पळून गेलेल्यांना शिपाई धरून आणायचे आणि चाबकानं मारायचे. चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत तिथे मेलेल्या आदिवासींना पुरलंय. गोवरानं गेलेली लहान मुलं त्यात खूप आहेत. तिथे आलेल्यांना मी आधी तीच भिंत दाखवते. आज ते गाळलं, कारण लोक संध्याकाळ मजेत घालवायला आलेत असं मला वाटलं. गाळायला नको होतं."

त्यानंतर ती वीस मिनिटं त्या भिंतीबद्दलच बोलली. कुणी जागचं हललं नाही. मी तिला पाडायला खड्डा खणला होता आणि तिचं सगळ्यांत चांगलं बोलणं त्यातूनच निघालं. सचिवांनी पुढच्या वर्षीचं आमंत्रण तिथल्या तिथे दिलं, अर्थात तिला.

रिक्षातून घरी येताना तिनं विचारलं, "ताई, मला अडवायलाच विचारलंस ना?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. एकदा येऊन बघून जा, असं ती म्हणाली. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण दहा अनोळखी लोकांच्या घोळक्यात उभं राहून तिचं ऐकायचं, हे मला जमणार नव्हतं.

ती परत गेल्यावर महिनाभर मी तिला फोन केला नाही. मग एका सोमवारी सकाळी केला. तिच्याकडे रविवारची संध्याकाळ होती, ती नुकतीच चर्चमधून आली होती. आज काय सांगितलंस, असं मी विचारलं. ती तासभर सांगत राहिली. एके ठिकाणी तिनं आधीची गोष्ट नंतर सांगितली, तेव्हा मी तिला थांबवून क्रम सुधारला. तिनं तो निमूटपणे लिहून घेतला. मला बरं वाटलं, आणि तेवढ्यानं बरं वाटलं याची लाजही वाटली.