वाटणीत आलेलं पनवेल

परवा रविवारी माझ्या थोरल्या जाऊबाई कर्जतहून आल्या. आम्ही त्यांना माई म्हणतो. बऱ्याच दिवसांनी आल्या... गेल्या वेळी घरांच्या जुन्या वाटणीवरून आमची थोडी बोलाचाली झाली होती.

सासऱ्यांची दोन घरं. कर्जतचं, स्टेशनाजवळचं, थोरल्या दिरांना गेलं. पनवेलचं आम्हाला.

तेव्हा कर्जतला मान होता. इंग्रजांनी पुण्याकडे रूळ नेले ते कर्जतवरून, घाटातून. पनवेल जुनं बंदर, भाताच्या गिरण्या, मोठी पेठ... पण रुळांपासून लांब राहिलं, आणि कितीतरी वर्षं मागेच राहिलं. पुढे गाडी आली तीही नावाला. हे सगळं मी वाचनालयातली पुस्तकं वाचून जुळवलेलं.

आता चित्र उलटं आहे. लोकल आली, करंजाडे-सुकापूरपर्यंत इमारती झाल्या, विमानतळाची बोलणी चालू आहेत.

माई गॅलरीतून बघत म्हणाल्या, "चांदी झाली बाई तुमची! आम्ही बसलोय डोंगर मोजत."

"इंग्रजांनी रूळ टाकले तेव्हा तुमची झाली होती की," मी म्हटलं.

"झालं हिचं पुस्तक सुरू!"

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी बोलून गेले, "धाकट्यांना काय, उरलेलंच मिळतं."

माई गॅलरीतून आत वळल्या. वाटलं, आता पिशवी उचलतील... हे गेल्यापासून यांच्याबद्दल बोलायला मला माईंशिवाय कुणी उरलेलं नाही. त्या पुन्हा आल्या नसत्या.

"उरलेलं?" माई म्हणाल्या. "अगं, मामंजींनी कर्जत भाऊजींनाच देऊ केलं होतं. मुंबईची नोकरी, गाडी बरी पडेल म्हणून. भाऊजीच म्हणाले, हिची आई पनवेलला एकटी आहे, आम्हाला तेच द्या. वर म्हणाले, हिला सांगू नका, उगाच मनाला लावून घेईल."

माझी आई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. शेवटपर्यंत माझ्या हातचं जेवली. घर जवळ मिळालं हे मी नशीब समजत होते... आणि हे इतकी वर्षं पहाटेच्या एस.टी.ने मुंबई गाठत राहिले.

माई दोन दिवस राहून गेल्या. त्यांचे आभार तोंडावर मानले. यांचे मानायचे मात्र राहून गेले.