सांद्रोच्या वाट्याची भाषा

“मी बारा वर्षांची आहे, मम्मा. बारा वर्षांची मुलगी गाढवासाठी पीठ ठेवत नाही.”

“तुझा पापा चाळिशीतही ठेवायचा.”

“ठेवायचा, कारण ते त्याचं होतं. तुझं नाहीये. तू नागपूरची आहेस.”

“कोपर काढ तिथून. दूध सांडेल.”

“बघ. बदललास विषय.”

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्या स्वयंपाकघरात सुजाता भांडत होती इटालियनमध्ये आणि तिची लेक नीना इंग्रजीत. मराठीचा त्यात एक शब्द नव्हता. उद्या सांता लुचियाचा सण. नीनाच्या पापाच्या, सांद्रोच्या गावाकडे, इटलीतल्या बेर्गामोला, पोरांना भेटवस्तू नाताळबाबा देत नाही. ही संत बाई देते, गाढवावरून येऊन. म्हणून आदल्या संध्याकाळी खिडकीत तिच्यासाठी दूध ठेवायचं आणि गाढवासाठी मक्याचं पीठ. सांद्रो जाऊन सहा वर्षं झाली, तरी सुजाताने एकही डिसेंबर चुकवला नव्हता.

सुजाता नागपूरच्या इंदोऱ्याची, दादाराव मास्तरांची धाकटी. स्कॉलरशिपवर केमिस्ट्री शिकायला इलिनॉयला आली आणि शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सांद्रोवर जीव जडवून बसली. वडिलांना ट्रंक कॉल लावून घाबरत घाबरत सांगितलं, तेव्हा मास्तरांनी एकच प्रश्न केला. “पोराने जात विचारली का तुझी?”

“त्याला तो शब्दच माहीत नाही, बाबा.”

“मग मला कायले विचारून राहिली? कर लग्न.”

नीना झाली तेव्हा पाळण्याशी उभं राहून दोघांनी भाषांची वाटणी केली. “तू तुझी बोल, मी माझी,” सांद्रो म्हणाला, “इंग्रजी काय, रस्त्यावर पडलेली आहे. पोरगी आपली आपण उचलेल.” नावसुद्धा दोन्हीकडच्या आज्यांच्या तोंडात बसेल असं शोधलं. पोरगी इतकी तल्लख, की बापाच्या मांडीवर बसून इटालियनमध्ये गोष्ट ऐकायची, आणि मान वळवून तीच गोष्ट आईला मराठीत सांगायची, वर आपल्या पदरचा एखादा वाघ घालून.

मग एका सकाळी शिकागोच्या गाडीची वाट बघत असताना, प्लॅटफॉर्मवरच, सांद्रोचं हृदय थांबलं.

त्या आठवड्यात माणसांनी घर भरलेलं होतं. सहा वर्षांची नीना पॅसेजमधून आली आणि तिने इटालियनमध्ये काहीतरी विचारलं. माझी लाल चप्पल कुठाय, असं साधंसंच. कोणी उत्तर दिलं नाही. कोणाला कळलंच नाही. पोरीने पुन्हा तेच विचारलं, हळू आवाजात. सुजाता तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. सासूच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शिकलेली मोडकी इटालियन गोळा करून ती म्हणाली, “पलंगाखाली, बाळा.” नीनाचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून सुजाता नीनाशी सांद्रोच्या वाट्याची भाषा बोलू लागली, आणि आपली तिने खाली ठेवली.

मराठी मंडळाच्या गणपतीत पद्मजाकाकूंनी तिला कोपऱ्यात घेतलं होतं. “अगं, पोरगी मराठी विसरेल की.”

“मराठीला मी आहे, काकू. बाबा आहेत, अख्खं नागपूर आहे. आमच्या घरात इटालियनला कोण आहे?”

सुजाताने मग इटालियन शिकायला रात्रीच्या कॉलेजात नाव घातलं. शनिवारी मेलरोज पार्कच्या चर्चच्या हॉलमध्ये मुलांचे इटालियनचे वर्ग चालत, तिथे नीनाला सोडून स्वतः मागच्या बाकावर बसायची. आता तिची इटालियन चांगली वाहती होती. फक्त कधी कधी, बोलता बोलता, एखादा शब्द अगदी सांद्रोसारखा निघायचा, आणि त्या एका शब्दापायी तिचा अख्खा दिवस जायचा.

“मम्मा, ऐक ना.” नीनाचा आवाज आता खाली आला होता. “रविवारी तू आजोबांशी फोनवर बोलत होतीस. मी जिन्यावर होते.”

“मग?”

“तू हसत होतीस. मोठ्याने. मला वाटलं कोणी पाहुणी आली आहे.”

नीनाच्या पाठ केलेल्या मराठी वाक्यांवरून दादाराव त्या दिवशी म्हणाले होते, “तुझी पोरगी माझ्याशी बोलते का आकाशवाणीवर बातम्या देते? जयभीम आजोबा, मी बरी आहे, बातम्या संपल्या.” त्यावर सुजाताला हसू आवरलं नव्हतं.

“माझ्याशी तू तशी कधीच हसत नाहीस,” नीना म्हणाली. “माझ्याशी तू नीट बोलतेस. क्लासमधल्या बाईंसारखी. ती जी फोनवर होती ना, ती मला हवीय.”

सुजाताने दुधाचा पेला खिडकीत सरकवला.

“काहीतरी बोल ना माझ्याशी. तुझ्या भाषेत. काहीही.”

सुजाताने तोंड उघडलं. “ये गं माझी छकुली,” ती म्हणाली, “भुकू लागली का? मंमं करायचं?”

आणि थांबली. पुढचं काही येईना. बापाशी बोलायची मराठी होती, काकूंशी होती. नीनाशी बोलायची जी होती ती सहा वर्षांच्या मापाची. समोर उभ्या असलेल्या, खांद्याला लागलेल्या मुलीला ती कुठूनच बसत नव्हती.

नीनाला शब्द कळले नाहीत, पण ती हसली नाही. आईचा चेहरा बघत राहिली.

“मला हे ओळखीचं वाटतंय,” ती म्हणाली. “अर्थ नाही माहीत. आवाज ओळखीचा आहे.”

सुजाताने ओट्याची कड धरली. आत्ता, या क्षणी मराठीत बोलता आलं असतं. चुकत, अडखळत, जशी ती एकदा पलंगाखालची चप्पल सांगताना बोलली होती. पण मग उद्यापासून या घरात सांद्रोसारखं बोलणारं कोण उरणार होतं?

“मम्मा, एकच सांग. पापा असता, तर आत्ता तू माझ्याशी कुठल्या भाषेत भांडली असतीस?”

उत्तर मराठी होतं, आणि तेही इटालियनमध्येच द्यावं लागलं असतं. सुजाताने खुंटीवरचा कोट काढला, बाह्यांत हात घातले, दाराशी टेकवलेलं बर्फाचं फावडं उचललं आणि बाहेर गेली.