छज्ज्यावर जाण्याआधी

चैत्रात एसी पहिल्यांदा लावला की साठलेल्या धुळीचा वास येतो आणि मला साताऱ्याच्या या घरातली एक दुपार आठवते. तुमचे आजोबा छातीच्या दुखण्यातून उठून नुकतेच घरी आले होते. उकाड्याने त्यांना धाप लागे, म्हणून डॉक्टरांनी एसी बसवायला सांगितला होता. कोरेगावहून मेकॅनिक आला, त्याने भिंतीला भोक पाडलं आणि बाहेरचं युनिट टांगायला तो तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून छज्ज्यावर उतरू लागला. कमरेला काहीच नव्हतं. "पट्टा कुठे आहे?" मी विचारलं. "ऱ्हायला घरी. आवं आजी, धा मिंटाचं काम हाय," तो हसला. मी खिडकीशी आडवी उभी राहिले. "कोरेगावला जाऊन यायचं म्हंजे संध्याकाळ व्हईल बगा," असं म्हणून त्याने आजोबांकडे पाहिलं. त्यांचा बनियन घामाने पाठीला चिकटला होता. माझा धीर सुटू लागला, तेवढ्यात फौजेत आयुष्य काढलेले आजोबा दम घेत म्हणाले, "जा गड्या, घेऊन ये. मी थांबतो." दुपारभर मी ओल्या पंच्याने त्यांची पाठ पुसत राहिले, आपलं चुकलं तर नाही ना, हे मनातून जाईना. संध्याकाळी तो पट्टा घेऊन आला. पट्ट्याचा दोर आत बांधल्यावर आजोबांनी पलंगावरून उठून गाठ स्वतः ओढून पाहिली, मगच त्याला बाहेर जाऊ दिलं. आता आजोबा नाहीत. तोच मेकॅनिक दर चैत्रात सर्व्हिसिंगला येतो, पट्टा बांधतो, आणि मी गाठ ओढून पाहीपर्यंत खिडकीशी मुकाट उभा राहतो.