बोर्येचं तिसरं गाणं

बोर्ये लिंड्रूट माझ्या समोरच्या दारात राहतो आणि दिवसभर अख्ख्या जगाशी बोलतो. स्टॉकहोमच्या पाण्यातून पर्यटकांना फिरवणारी पांढरी बोट आहे ना, तिच्यावर हातात माइक घेऊन उभा असतो तो. उजवीकडे राजवाडा, डावीकडे जुनं शहर, पूल आला, डोकी सांभाळा. संध्याकाळी जॅझ कुठे ऐकायचं, कुठल्या नाटकाची तिकिटं आयत्या वेळी मिळतात, कुठल्या बारमध्ये तरुण मंडळी जातात आणि कुठल्या बारमध्ये स्वतःला तरुण समजणारी, सगळं तोंडपाठ. ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ रोज पहाटेच घरी परतत असणार. प्रत्यक्षात संध्याकाळच्या बातम्या संपल्या की त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा मालवतो. मला कसं माहीत? माझी खिडकी काय भिंतीकडे तोंड करून आहे?

आणि हाच बडबड्या जिन्यात भेटला की मुका. म्हणजे भेटतच नाही. आमच्या इमारतीत बाहेर पडण्याआधी दाराला कान लावायची पद्धत आहे. जिन्यात पावलं वाजत असली की आत थांबायचं, तो माणूस गेला की निघायचं. यात माणूसघाणेपणा नाही हो, समोरच्याला उगाच बोलावं लागू नये एवढीच काळजी. मी मात्र या बाबतीत वाया गेलेली बाई आहे. मी कान लावते तो पावलं वाजली की नेमकं बाहेर पडता यावं म्हणून.

"अरे बोर्ये! काय योगायोग!"

"लोट्टा," कुलपात किल्ली अडकल्यासारखा चेहरा करून तो म्हणतो, "तुझ्याकडे इतके योगायोग येतात कुठून?"

माझ्यापेक्षा चांगला पंधरा वर्षांनी मोठा आहे, पण आमच्याकडे राजाला सोडून सगळ्यांशी अरेतुरेच.

बोर्ये मूळचा बाहेरच्या बेटांवरचा. बाप बोटीने बेटाबेटांवर टपाल पोचवायचा. पोरानेही दर्यावर्दी व्हायचं ठरवलं, जहाजावर चढला आणि पहिल्याच वादळात त्याच्या पोटाने राजीनामा दिला. मग शहरात आला, कारण इथल्या पाण्याला लाटा येत नाहीत. लग्नही झालं होतं. बायको काही वर्षांनी नॉर्वेतल्या एका मासळीच्या व्यापाऱ्याबरोबर निघून गेली, आणि जाताना तिच्या बॅगा स्टेशनपर्यंत यानेच वाहून नेल्या. "तिची पाठ दुखत होती," हे त्याचं स्पष्टीकरण. असा माणूस.

त्याचा एकच शौक, उन्हाळ्यातल्या गुरुवारी नाच. युरगॉर्डन बेटावर झाडांखाली उघड्यावर लाकडी फरशी आहे, कडेने बाकं, एका टोकाला वाद्यवाले, दुसऱ्या टोकाला कॉफी आणि दालचिनीचे पाव. तिथे तो इस्त्रीचा निळा शर्ट घालून जातो. आणि तिथेच आमच्या पहिल्या मजल्यावरची बार्ब्रोही जाते. बार्ब्रो एका नाट्यगृहात प्रेक्षकांचे कोट सांभाळते. उंच, हसरी, एकटी. दोघं एकाच इमारतीतून निघतात, एकाच ट्राममध्ये बसतात, एक पुढच्या दारापाशी, एक मागच्या.

तिथला रिवाज असा, की एका जोडीने लागोपाठ दोन गाणी नाचायची. मग पुरुषाने बाईला तिच्या बाकापर्यंत पोचवायचं, आभार मानायचे आणि बाजूला व्हायचं. तिसरं गाणं मागितलं, तर ते मग नाचापुरतं राहत नाही. फरशीवरचे सगळे माना वळवतात. तिसरं मागून लग्न झालेली निदान चार जोडपी मी ओळखते, त्यातली तीन अजून एकमेकांशी बोलतात.

बोर्ये आणि बार्ब्रो कितीतरी उन्हाळे नाचत होते. दोन गाणी. आभार. बाक.

या वर्षी इमारतीच्या तळघरात, सगळ्यांनी पाळीपाळीने कपडे धुवायच्या खोलीत मी बार्ब्रोला गाठलं. माझी पाळी नव्हती, पण माझा एक मोजा तिथे राहिला होता. माझा मोजा नेहमी तिथे राहतो.

"ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी नाच संपतात," चादरीची घडी घालत ती म्हणाली. "तोवर त्याने तिसरं मागितलं नाही, तर मी घर विकून बहिणीकडे गोथेनबर्गला जाणार. ती केव्हाची बोलावतेय. इथे राहून करू काय?"

"अगं मग तूच माग ना! बायकांनी मागायची वेळ असतेच की मधे."

"मागते ना, दर वेळी. दोन होतात आणि तो मला बाकावर आणून ठेवतो, जशी काही मी कुणाचा तरी कोट आहे." चादरीचं दुसरं टोक तिने माझ्या हातात दिलं. "तिसरं मी मागायचं नाही. भिडेखातर हो म्हणाला तर? जन्मभर मला कळायचं नाही. आणि लोट्टा, यातलं त्याला काही सांगायचं नाही."

मी गल्लीभर बोलते, पण सांगू नको म्हटलेलं सांगत नाही. सहसा. म्हणून जिन्यात बोर्ये सापडला तेव्हा मी लांबून सुरुवात केली.

"काय रे, तू कधी कुणाकडे तिसरं गाणं मागितलंस का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "असं मागायचं नसतं."

"का? पाय दुखतात?"

"भली बाई नाही म्हणू शकत नाही, लोट्टा. सगळ्यांसमोर ती काय करेल? कोंडीत सापडेल. मी कुणाला कोंडीत नाही धरणार."

घ्या! खाली ती म्हणते, तो भिडेखातर हो म्हणेल. वर हा म्हणतो, ती भिडेखातर हो म्हणेल. दोघांनी एकमेकांची इतकी काळजी घेतली होती, की त्या काळजीतच म्हातारे झाले असते.

शेवटचा गुरुवार उजाडला आणि मला घरात बसवेना. दुपारी जाऊन सरळ त्याच्या बोटीचं तिकीट काढलं आणि जपानी मुलींच्या मागे लपून बसले. बोर्ये रंगात होता. फेरीच्या शेवटी नेहमीप्रमाणे त्याने रात्रीचं शहर वाटायला घेतलं. तरुणांनी दक्षिणेच्या बेटावर जावं, संगीतवाल्यांनी जुन्या शहरातल्या तळघरात, ऑपेराचे शौकीन असतील तर…

मी हात वर केला. "आणि तुम्ही स्वतः कुठे जाता?"

त्याने मला ओळखलं. बोट किनाऱ्याला लागेपर्यंत पळायला जागा नव्हती, आणि खोटं बोलणं त्याच्या कोष्टकात बसत नाही, माइकवर तर नाहीच.

"मी… आज गुरुवार… मी नाचायला जातो," सगळ्या कर्ण्यांतून आवाज घुमला. "युरगॉर्डनला. आज शेवटचा दिवस आहे."

"वा!" पुढच्या रांगेतल्या एका रुपेरी केसांच्या गृहस्थाने टाळीच वाजवली. "मग आपणही तिकडेच!"

हे आदेमार, ब्राझीलमधल्या रेसिफेचे. शिंप्याचा धंदा मुलावर सोपवून जग बघायला निघाले होते. माझा बेत म्हणाल तर काही नव्हता. नुसती काडी टाकली होती. तिने पेट घेतला हे खरं.

संध्याकाळी मी कॉफीच्या टपरीपाशी मोक्याची जागा धरली. उजेड अजून होता, झाडांत दिवे लागले होते. बार्ब्रो आपल्या बाकावर बसली होती, हिरवा झगा, आवरून घेतलेले केस. बोर्येने कॉफी संपवली, शर्ट सारखा केला, दोन पावलं टाकली आणि तेवढ्यात आदेमार पांढऱ्या बुटांत तरंगत आले, वाकले आणि बार्ब्रोला फरशीवर घेऊन गेले.

नाचत होते देखणं, खोटं का बोला. एक गाणं झालं. दुसरं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायका बाकांकडे निघाल्या. आदेमारनी बार्ब्रोचा हात सोडलाच नाही. कुणी सांगितलं होतं त्यांना? त्यांच्या गावी आवडलं की नाचत राहतात.

तिसरं गाणं सुरू झालं.

"अगं बाई," माझ्या शेजारी पाव विकणारी शर्श्टिन पुटपुटली, "कोण हा? साखरपुडा झाला की काय?"

"आत्ताच होतोय बघ," मी म्हटलं, पण हसू येईना. गोथेनबर्गची गाडी मला ऐकू यायला लागली होती.

बार्ब्रो लाल झाली होती. पाहुण्याला मधेच नको म्हणणं तिच्याने व्हायचं नव्हतं. चौथं लागलं. आता सगळं मैदान बोर्येकडे बघत होतं, कारण या दोघांचं एकमेकांवर मन आहे हे, पाहुणा सोडला तर, त्या फरशीवर ठाऊक नसलेले दोघंच होते, तो आणि ती. दुसरा कुणी असता तर त्याने जाऊन खांद्यावर थाप मारली असती. आमच्यात असं मधे घुसत नाहीत.

बोर्येने काय करावं? तो रांगेत उभा राहिला.

होय, रांगेत. औषधाच्या दुकानात उभे राहतात तसा हातभर अंतर राखून तो आदेमारच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. जोडी डावीकडे सरकली, हाही डावीकडे. ती वळली, हा गोल फिरून पुन्हा पाठीमागे. हात बाजूला, नजर जमिनीवर, चेहऱ्यावर आपला नंबर येईल असा विश्वास. अख्खी फरशी ती मिरवणूक बघत होती. ढोलवाल्याचा ताल चुकला.

शेवटी आदेमार थांबले. "साहेब, काही हवंय का आपल्याला?"

"नाही, नाही, घाई नाही," बोर्ये म्हणाला. "मी फक्त पुढचा आहे."

बार्ब्रो हसायला लागली. इतकी हसली की तिला आदेमारच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. आदेमारनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि शिंप्यालाच जमेल अशा नजरेने दोघांचं माप घेतलं. मग तिचा हात बोर्येच्या हातात दिला आणि स्वतः सरळ टपरीपाशी आले.

"आणि सेन्योरा, तुमच्यामागे किती जणांची रांग आहे?"

"फारच मोठी," मी म्हटलं आणि पर्स शर्श्टिनकडे फेकून निघाले. जवळून ऐकू येईल, हा स्वार्थही होताच.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. टाळ्या. बायका बाकांकडे निघाल्या. मी आदेमारचा दंड गच्च दाबला, ते 'आई गं' असं काहीसं पोर्तुगीजमध्ये म्हणाले.

बोर्ये हलला नाही. मागायचं त्याला जमलंच नाही. पण त्याने तिला बाकाकडेही नेलं नाही. रिकाम्या होत चाललेल्या फरशीच्या मधोमध तो तिचा हात धरून नुसता उभा राहिला. वाद्यवाले पाणी पीत होते, सावकाश, बहुतेक मुद्दामच.

"बार्ब्रो," तो शेवटी म्हणाला, "तुला जायचं असेल तर जा हं. मी वाईट वाटून घेणार नाही."

"बोर्ये," ती म्हणाली, "मला जायचं असेल तर बाकापर्यंतची वाट माझ्या पायांना ठाऊक आहे."

तिसरं गाणं सुरू झालं. आम्ही दोघं त्यांच्या इतकं जवळून नाचत होतो की आदेमारनी दोनदा माफी मागितली.

"नाताळात काय करतोस तू?" बार्ब्रोने विचारलं.

"डबाबंद हेरिंग मासळी खातो," बोर्ये म्हणाला.

"या वर्षी माझ्याबरोबर गोथेनबर्गला चल. बहिणीकडे. चार दिवस पाहुणी म्हणून जाईन म्हणते, जास्त नाही. तिचं घर लहान आहे."

"चालेल," बोर्ये म्हणाला. मग मान न वळवता म्हणाला, "आणि लोट्टा, तूही ऐकलंस ना? आता जरा लांब जाऊन नाच."