बांधावरचं जांभूळ

धायरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमची दोन एकर जमीन आहे. तिथल्या ओढ्यावर वडिलांनी हौसेनं घातलेला मातीचा बांध आहे. बांध छोटाच, पण फुटला तर पाणी कुणाच्या घरात शिरेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खाली एकच घर आहे, जमीन राखणाऱ्या बाईंचं.

बायको गेली तेव्हा मी रक्षा नदीत सोडली नाही. आम्ही सदाशिव पेठेतली सुधारक माणसं. नदी घाण करायची नाही, खड्ड्यात रक्षा घालून वर झाड लावायचं. खड्डा मी बांधावरच घेतला. तिथून अडलेल्या पाण्याचं तळं छान दिसतं आणि माती भुसभुशीत असल्यामुळे कुदळही सहज चालली. मला तर ती सोयच वाटली.

सात वर्षांत जांभूळ माझ्या दुप्पट झालं. दर रविवारी जाऊन मी त्याच्याशी बोलायचो. बायकोशी एवढं कधी बोललो नव्हतो.

यंदाच्या पावसात बांधाच्या तळाशी पाणी झिरपू लागलं. आमच्या सोसायटीत पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त इंजिनिअर आहेत, त्यांना घेऊन गेलो. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन मला दाखवलं. गढूळ होतं.

"स्वच्छ असतं तर बांधाला घाम आला म्हटलं असतं. गढूळ म्हणजे आतली माती चाललीय. मुळांच्या कडेनं वाट झालीय. हे झाड कुणी लावलं?"

"मी."

"वड मिळाला नाही वाटतं?"

तळं उपसा, झाड मुळासकट काढा, चिकणमातीचे थर देऊन ठोकून घ्या, असं सांगून ते चहा न घेता निघाले. नुसत्या फांद्या छाटून भागेल का, असं मी दोनदा फोन करून विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी फोन ठेवला.

मग बाईंना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "राहू द्या काका, काकूंचं झाड हाय ते. पाऊस लई लागला की आमी पोरांना घिऊन शाळेत ऱ्हायला जातो. औंदा दोनदा गेलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वर गप्पा मारत होतो आणि खाली ही बाई भांडीकुंडी बांधत होती.

त्याच आठवड्यात तळं उपसलं, झाड काढलं. मुळं पार पलीकडच्या अंगाला पोचली होती. खड्ड्यातली, बायकोची रक्षा मिसळलेली माती परत भरू का, असं इंजिनिअरना विचारलं.

"राखेची माती धरत नाही. बाहेर काढा," ते म्हणाले. आवाज मात्र जरा हळू होता.

बाईंनी ती माती पाट्या भरभरून नेली आणि आपल्या दारापुढे पसरली. मग म्हणाल्या, "काकूंना कशाची आवड व्हती? तेच लावू."

जांभूळ माझ्या आवडीचं. तिच्या आवडीचं झाड कोणतं, ते मला सांगता येईना. चाळीस वर्षांत विचारलंच नव्हतं. बाई रिकामी पाटी घेऊन माझ्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.