छावणीत जुळलेलं नाक

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी फक्त जेवताना करमणूक म्हणून वाचतो. पांढरी साडी, पिंपळ, मध्येच बंद पडणारी बाइक... तेच ते दळण! भुतांनासुद्धा कंटाळा येत असेल. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय याचा मला राग येतोय. पण ऐका.

मी संभाजीनगरात फोटो ओळखणारं सॉफ्टवेअर बनवतो. दुष्काळाचं वर्ष होतं. शहरात टॉवरवर टॉवर चढत होते, आमच्या सोसायटीत टँकरवरून हाणामारी, आणि करमाडजवळ जनावरांची चारा छावणी. एकच गाय दोनदा दाखवून चारा उचलायचा, यात आपली माणसं भलतीच हुशार. म्हणून आमचं ॲप, मागच्या दुष्काळापासून चालू. गाईच्या ओल्या नाकावरच्या रेषा आपल्या अंगठ्यासारख्या असतात, प्रत्येकीच्या वेगळ्या. ॲप फोटोतले ठळक बिंदू शोधतं, जुन्या फोटोंतल्या बिंदूंशी जुळवतं आणि जोड्यांमध्ये हिरव्या रेघा ओढतं. जनावर वेगळं असेल तर चार-दोन रेघा, त्याही आडव्यातिडव्या. तेच असेल तर सगळ्या सरळ, एका दिशेनं.

एका दुपारी बिडकीनकडच्या रखमाबाई आल्या. मेंढरं विकून टाकलेली, उरली एक तांबडी कालवड. मी तिच्या नाकाचा फोटो काढला आणि स्क्रीन सरळ हिरव्या रेघांनी भरली. जुळलेली गाय – चांदी. मालक – याच रखमाबाई. शेरा – मागच्या दुष्काळात छावणीतच मृत.

"अरे भाई, बुढ्ढी तो उस्ताद निकली!" छावणीचालक खिदळला. स्वतः खोट्या नोंदी खपवणारा हा, चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

मलाही वाटलं, मेल्याचं खोटं दाखवलं असणार. पण जुना फोटो मोठा केला तर पांढरीशुभ्र, थकलेली गाय. छावणीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी या कालवडीचे दात पाहिले. "दोन दाती आहे हो, जेमतेम अडीच वर्षांची. तेव्हा ही जन्मलीपण नव्हती." चांदीची नात म्हणावी, तर ही वैजापूरच्या बाजारातून विकत आणलेली. नाक पुसून पुन्हा फोटो घेतला, दुसऱ्या मोबाइलनं घेतला. शेजारच्या गाई तपासल्या, त्या बरोबर वेगळ्या निघाल्या. ही मात्र दर वेळी चांदीच.

आता मेलेल्या जनावराला चारा मिळत नाही. पण आमच्या मॅनेजरनं एक भंपक पळवाट ठेवली होती – मालकानं कॅमेऱ्यासमोर "हे जनावर वेगळं आहे" म्हटलं की नवीन नोंद होते.

"मावशी, ही चांदी नाही, एवढंच म्हणा. लगेच चारा चालू करतो."

"तसं न्हाई म्हननार."

"अहो, उपाशी मरेल ती!"

"साहेब, बाजारात लई गर्दी व्हती. त्यातबी तिनंच मला वळखलं, दावं ओढीत आली. आता पेंडीभर वैरणीसाठी तिच्या तोंडावर म्हनू व्हय, तू माझी नाय म्हून?"

मला असा संताप आला! बरगड्या मोजता येतील अशी कालवड, आणि बाईला हा अडाणी हट्ट सुचतोय. इथे रोज शपथेवर खोटं बोलणारे मी पाहत होतो, हिला एक वाक्य जड झालं. तिनं दावं सोडलं आणि निघाली.

मी मॅनेजरला फोन लावला. सरकारला "शंभर टक्के अचूक" म्हणून ॲप विकणारा हाच गृहस्थ म्हणाला, "बग असेल रे, ती जुनी नोंद डिलीट मार."

मी डिलीट मारलं नाही. रखमाबाईंना हाक मारून परत बोलावलं आणि चांदीच्या नावापुढचं 'मृत' काढून 'हयात' केलं. कालवडीपुढे चारा पडला. रखमाबाई तिच्या मानेखाली खाजवत उभ्या राहिल्या.

खाली पुनर्जन्माच्या कॉमेंट्स टाकू नका, मी वाचणार नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही... ॲप चुकलं म्हणून हात झटकता आले असते. पण मग त्या अख्ख्या छावणीत चाऱ्यासाठीही खोटं न बोललेली एकटी बाई खोटी ठरते, आणि तेवढं माझ्याच्यानं होत नाही.